मन्यार चाचीला गावात येऊ देत नाहीयेत, ग्रामसभेत ठराव येतोय. मी काय बोलू?

तापीकाठचा

राम राम मंडळी. दोन-तीन वर्षं झाली इथं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय आणि विषय असा आहे की लिहू का नको असं चार दिवस चाललं होतं. आधीच सांगतो, मी भाविक माणूस आहे, घरी कानबाई (आमच्या खान्देशची देवी, श्रावणात घरी बसवतात) बसते, मुक्ताईच्या पालखीसोबत कोथळीहून पंढरपूरला दोनदा पायी गेलेलो आहे, त्यामुळे तुला धर्माचं काय पडलंय असं कोणी म्हणू नका, पडलंय म्हणूनच लिहितोय.

गाव चोपडा तालुक्यात, तापीच्या कडेला. नाव सांगत नाही. आमच्याकडे तालुक्याहून एक मन्यार, म्हणजे बांगड्या विकणाऱ्या मुसलमान समाजातली, चाची बांगड्या भरायला येते, मला कळतं तेव्हापासून, म्हणजे पस्तीसेक वर्षं तर झालीच. ओट्यावर बसते, गाठोडं सोडते, दोरीत ओवलेल्या बांगड्यांची चळत काढते आणि आईचा हात हातात घेऊन अंगठ्याच्या मुळाशी असं दाबते की पंजा एकदम लहान होतो. "हात ढिला सोड व माय" म्हणते आणि बांगडी सरकन मनगटावर. एखादी फुटली तर फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणते. डझन भरून झाले की एक बांगडी वरची भरते, तिचे पैसे घेत नाही. मग आई बांगड्यांना हात लावून डोळ्याला लावते आणि चाचीला वाकून नमस्कार करते. माझ्या बायकोच्या लग्नाचा चुडा तिनेच भरलाय. आमच्या पोरांपेक्षा चांगली अहिराणी बोलते आणि कानबाईची गाणी तिला निम्म्या बायकांपेक्षा जास्त पाठ आहेत, हे मी वाढवून सांगत नाहीये.

यंदा नागपंचमीच्या आधी मंडळाच्या पोरांनी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज टाकला की सणाच्या बांगड्या आपल्याच माणसाकडून घ्या. आम्ही वाचला आणि सोडून दिला, असले मेसेज रोज येतात. पण कानबाईच्या आदल्या दिवशी चाची गाठोडं घेऊन आली तर चौघा-पाच जणांनी तिला वेशीजवळच थांबवलं. शिवीगाळ काही नाही, कोणी हात नाही लावला, फक्त म्हणाले की आधार कार्ड दाखवा. सत्तरीच्या बाईला. ती काही बोलली नाही, गाठोडं उचललं आणि आलेल्या रिक्षानेच परत गेली. आम्हाला दुपारी कळलं. आईने त्या दिवशी जेवण केलं नाही. बांगड्या मग तालुक्याच्या दुकानातून आणल्या, दोन तर चढवतानाच फुटल्या आणि आई दोन्ही वेळेला "वाढवली" म्हणाली.

आता मेन अडचण. ज्याने मेसेज टाकला तो माझा सख्खा चुलतभाऊ आहे. ज्यांना खान्देश माहीत आहे त्यांना कानबाईचा रोट काय असतो हे सांगायला नको, तो देवीचा प्रसाद भाऊबंदकीतच खायचा असतो, त्याचं पीठ आमच्या दोन्ही घरांचं मिळून मोजलं जातं. त्या रविवारी मी त्याच्या शेजारी बसून रोट खाल्ला आणि एक शब्द बोललो नाही, याची मला लाज वाटतेय. आणि येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ते लोक ठराव आणताहेत की पौषातल्या यात्रेत दुसऱ्या धर्माच्या माणसाला दुकान लावू द्यायचं नाही. मला त्या दिवशी उभं राहून बोलायचंय, पण काय बोलू आणि कसं बोलू म्हणजे भांडण न होता ऐकलं जाईल ते सांगा.

---

काळा कोट जळगाव

दादा, आधी कायद्याचं सांगते कारण तुमच्याकडे दिवस कमी आहेत. ग्रामपंचायत ही घटनेच्या कलम १२ प्रमाणे "राज्य" या शब्दात येते आणि कलम १५ प्रमाणे राज्याला धर्मावरून भेदभाव करता येत नाही, व्यवसाय करायचा हक्क कलम १९ मध्ये आहे. म्हणजे असा ठराव शंभर टक्के लोकांनी हात वर करून केला तरी तो टिकायचा नाही. ताजं उदाहरण आहे, फेब्रुवारी २०२५ मध्ये पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना बंदी करायचा ठराव केला होता, तो गटविकास अधिकाऱ्यांनी रद्द केला. सरपंचाला आणि ग्रामसेवकाला हे आधीच शांतपणे जाऊन सांगा, सभेत नाही. सभेत सांगितलं की त्यांना तो अपमान वाटतो आणि मग माघार घेता येत नाही.

आधार कार्ड तपासायचा अधिकार मंडळाला कुणीही दिलेला नाही. आणि तुम्ही चाचीची बाजू घेतली म्हणून भाऊबंदांनी तुमच्या घराला वाळीत टाकायची भाषा केली, रोटाला बोलवणार नाही, मयतीला येणार नाही असलं काही, तर २०१६ चा सामाजिक बहिष्काराचा कायदा आहे. तो आपल्याच समाजाने आपल्या माणसाला वाळीत टाकण्याबद्दल आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. देव करो तिथवर जायला नको.

अजून एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावीच लागते, कायद्यात आहे, बऱ्याच गावात ती नुसती रजिस्टरवर होते. बांगड्या कोण भरतं? मग हा विषय पहिल्यांदा त्या सभेत निघू द्या. आईंना घेऊन जा.

---

माळकरी

मी इथं सगळ्यांच्या विरोधात बोलणार आहे, पण राग मनात ठेवून नाही. मला त्या बाईबद्दल वाईट वाटलं, म्हाताऱ्या माणसाला वेशीवरून परत पाठवणं हे चूकच आहे आणि माळ घातलेल्या माणसाने त्याचं समर्थन करू नये. पण पोरं अशी का वागू राह्यली हे कोणी विचारतच नाही. गणपतीची मिरवणूक ठरावीक ठिकाणी आली की वाजंत्री बंद करा, पोलिसांची गाडी आडवी, दरवर्षी टेन्शन. आमच्या शेजारच्या गावात दगड आले होते, माझ्या भाच्याला चार टाके पडले. त्याचं कोणी लिहीत नाही. सहिष्णुता फक्त आम्हालाच शिकवायची का? आम्ही इतके जण असून आमच्याच सणाला आम्हाला परवानगी घेत फिरावं लागतं असं पोरांना वाटतं आणि हे वाटणं खोटं आहे असं म्हणून ते जाणार नाही. दादाने ग्रामसभेत बोलताना हे पण बोलावं, नाहीतर पोरं म्हणतील हा त्यांचा वकील आहे.

---

तापीकाठचा

माळकरी माउली, तुमच्या भाच्याचं वाचून वाईट वाटलं. ज्याने दगड मारला त्याला शिक्षा झाली पाहिजे, याबद्दल माझं काहीच दुमत नाही. पण चाचीने मारला नाही ना हो. ती त्या दिवशी कुठं तरी ओट्यावर बसून कोणाच्या तरी लेकीला बांगड्या भरत असेल. दगड मारणाऱ्याचं नाव माहीत नाही म्हणून जिचं नाव माहीत आहे तिला शिक्षा, असं चाललंय. आणि २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात हिंदू जवळपास ८० टक्के आणि मुस्लिम साडेअकरा टक्के, माझ्या गावात तर त्यांची सहा घरं आहेत, सहा. त्या सहा घरांची भीती आमच्या पोरांना फोनमधून येते, गल्लीतून येत नाही.

---

जुनं गाव रथचौक

माळकरी यांना एक सांगतो, मिरवणुकीचंच निघालं म्हणून. जळगावचा श्रीरामाचा रथ कार्तिकी एकादशीला निघतो, अप्पा महाराजांनी सुरू केला, दीडशे वर्षं होऊन गेली त्याला. तो रथ भिलपुऱ्यात लालशहा बाबांच्या समाधीपाशी थांबतो. अप्पा महाराज आणि लालशहा बाबा दोघं दोस्त होते, म्हणून तिथं रथ थांबवून चादर चढवायची आणि मगच पुढं जायचं, हा रिवाज. मुस्लिम मंडळी रथावर फुलं टाकतात. मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून बघितलंय आणि आता माझा नातू माझ्या खांद्यावर बसून बघतो. रथ एवढा मोठा, उतारावर चाकाखाली मोगरी लावणारा माणूस एक सेकंद चुकला तर रथ कोणाच्या घरात जाईल सांगता येत नाही. दोन्हीकडच्या गर्दीतून तो रथ जातो. हे शहर काही साधूसंतांचं नाही हो, इथं पण दंगे झालेत, तणाव होतो, बंदोबस्त असतो. पण रथ थांबायचा तिथं थांबतो. मला वाटतं दादाने ग्रामसभेत कायद्याच्या आधी हे सांगावं, कारण कायदा ऐकून पोरं गप्प बसतात पण मनातून हलत नाहीत. तुमच्या गावाच्या यात्रेत जुना असा काही मान असेलच कोणाचा तरी, ढोलाचा, मशालीचा, पालखीला तेल घालायचा, म्हाताऱ्यांना विचारा.

---

धुळेकर दुकानदार

मी धुळ्याचा. जास्त लिहीत नाही, लिहायला बसलो की झोप येत नाही. ६ जानेवारी २०१३, रविवार. मच्छीबाजारात हॉटेलात बिलावरून दोघांचं वाजलं, बिलाचे पैसे किती असतील, आणि त्यातून पेटून पोलीस गोळीबारात सहा पोरं गेली. त्याच्या आधी २००८ च्या ऑक्टोबरमध्ये पण झालं होतं. दोन्ही वेळेला कर्फ्यू, दोन्ही वेळेला माझं शटर खाली. माझ्याकडे कामाला दोन पोरं होती, एक हिंदू एक मुस्लिम, दोघं एकाच डब्यात जेवायची. नंतर दोघांच्या घरच्यांनी सांगितलं की तिकडच्या भागात जाऊ नको, आणि दोघंही गेले, एक सुरतला, एक मालेगावला. कोणी कोणाला मारलं नाही त्यांनी. नुसतं यायचं बंद झालं.

माळकरी भाऊ म्हणतात पोरांना वाटतं त्याचं काय. बरोबर आहे, वाटतं. दोन्हीकडच्या पोरांना वाटतं. पण एकदा पेटलं की जो गाठोडं डोक्यावर घेऊन फिरतो, ज्याची हातगाडी आहे, त्याचाच आधी सत्यानाश होतो, धर्म कोणताही असो. आधार कार्ड विचारणं ही पहिली पायरी आहे दादा. आत्ताच बोला.

---

सातपुडा मास्तर

मी तडवी भिल्ल आहे, यावल तालुक्यात शाळेवर. आम्ही मुसलमान आहोत आणि आदिवासी पण आहोत, अनुसूचित जमातींच्या यादीत तडवी भिल्ल असं नाव छापलेलं आहे. हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा बोललो असेन याची मोजदाद नाही. भाडेकरू म्हणून खोली बघायला गेलो की आधी आडनाव विचारतात, तडवी म्हटलं की आदिवासी समजून या बसा म्हणतात, मग पहिलं नाव विचारतात आणि मग खोली भाड्याने द्यायचीच नाही असं आठवतं त्यांना.

आमच्या आजीच्या लग्नात हळद लागली, निकाह पण झाला. घरात नमाज होती आणि पेरणीच्या आधी शेताच्या बांधावर नारळ पण होता. आता आमच्यातले शिकलेले काही जण येऊन सांगतात की हळद बंद करा, हे आपलं नाही. दुसरीकडून लोक येतात ते म्हणतात तुम्ही मूळचे आमचेच, परत या. तिसरे म्हणतात की ज्यांनी धर्म बदलला त्यांना जमातीच्या यादीतून काढा. तिघांनाही आमच्या आजीची अडचण होते. ती गेली, बरं झालं गेली असं कधी कधी वाटतं आणि मग रडू येतं.

माळकरी साहेब, तुम्ही चूक ते चूक म्हणालात त्याबद्दल मनापासून आभार, ते सोपं नसतं. तापीकाठच्या दादा, एक विनंती करतो. ग्रामसभेत चाचीला गरीब बिचारी म्हणून उभी करू नका. ती कारागीर आहे. तिच्या हातात कसब आहे म्हणून ती पस्तीस वर्षं येतेय, कोणाच्या उपकारावर नाही.

---

फैजपूरकर लेवा

मास्तरांचं वाचून लिहावंसं वाटलं. आमचं घर सतपंथी. फैजपूरला आमची गादी आहे, आणि पंथाचं मूळ अहमदाबादजवळच्या पिराण्याला, इमामशहांकडे जातं, पंधराव्या शतकात. आम्ही दहावा अवतार निष्कलंकी नारायण मानतो, घरात पूजा आरती सगळं, आम्ही हिंदूच आहोत आणि कोणी विचारलं तर छातीवर हात ठेवून सांगतो. पण लहान असताना आजोबा इमामशहा महाराज असं सहज म्हणायचे, आता तेच नाव घेतलं की आमच्यातलेच लोक इकडं तिकडं बघतात. मला त्यात लाज वाटण्यासारखं काहीच दिसत नाही. एका मुसलमान सत्पुरुषाकडून आमच्या पणज्याला देवाची वाट कळली, तर तो पणज्याचा गुरू झाला, बस. गुरूचं नाव लपवायचं हे कोणत्या हिंदू धर्मात बसतं हे मला कोणी तरी सांगा.

---

गोधडी

सगळ्यांचं वाचलं. छान लिहू राह्यले तुम्ही सगळे. पण माझ्या मनात वेगळंच आलं आणि ते बोलल्याशिवाय राहवत नाही.

मी जामनेर तालुक्यातली, बौद्ध वस्तीतली. आमच्या आईला गावच्या सार्वजनिक विहिरीवर पाणी वरून ओतून मिळायचं, तिला दोर धरू द्यायचे नाहीत, हे फार जुनं नाही, आई अजून आहे माझी. तेव्हा मुसलमान कुठं होते भांडणात? ज्यांचा देव एक, सण एक, त्यांच्यातच वेस होती. तापीकाठच्या दादा, तुमच्या गावात चाची तुमच्या ओट्यावर बसत होती हे वाचून बरं वाटलं, पण वस्तीतली बाई त्याच ओट्यावर बसून बांगड्या भरत होती का, का चाची आधी तुमच्याकडे भरून मग वस्तीत जायची? टोमणा मारत नाहीये, खरंच विचारते. कारण जे लोक आज म्हणतात सगळे हिंदू एक, तेच यात्रेतला मान वाटताना एक नसतात.

साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत मास्तर होते हे सगळ्यांना पाठ असतं. १९३२ ला धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली ती गुरुजींनीच लिहून घेतली. म्हणजे देवाधर्माचा माणूस. आणि त्याच माणसाने मे १९४७ मध्ये पंढरपूरला उपोषण केलं, विठ्ठलाच्या देवळात आमच्या लोकांना जाऊ द्या म्हणून. त्यांना पण धर्मबुडवा म्हणणारे होतेच. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलं होतं आणि या माणसाला देवळाच्या दाराचं पडलं होतं. मी बौद्ध आहे, मला त्या देवळात जायचं नाही, पण दार कोणी तरी अडवून धरलंय आणि आपलाच माणूस त्या दारात उपाशी बसलाय याची किंमत मला कळते. दादा, तुम्ही तुमच्या भावासमोर बोला. बाहेरच्याशी बोलणं सोपं असतं.

---

तापीकाठचा

गोधडी ताई, तुम्ही विचारलं ते मी आईला विचारलं. आई बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, नव्हत्या बसत. चाची आधी आपल्याकडे भरायची आणि मग तिकडं जायची. मला हे आजवर दिसलंच नव्हतं. मी पस्तीस वर्षं तो ओटा बघतोय. मला यावर काय लिहावं कळत नाहीये, पण तुम्ही विचारलंत हे बरं केलं.

---

माळकरी

मास्तर, आभार कसले. गोधडी ताईंचं वाचून मी पण घरी विचारलं, आमच्याकडेही तेच उत्तर आलं. भाच्याचे टाके मी विसरणार नाही पण ते त्या बाईच्या गाठोड्यावर ठेवणार नाही. दादा, तुम्हाला सोबत लागली तर मी येतो, माझं गाव लांब नाही तुमच्यापासून. ग्रामसभेत बोलता येणार नाही मला, पण तुमच्या भावाशी बोलेन, माझं ऐकेल कदाचित, आम्ही एका दिंडीतले असू.

---

तापीकाठचा

मंडळी, बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं म्हणून सांगतो काय झालं ते.

१४ तारखेला महिला सभा झाली, खरोखरची झाली, वीस-बावीस बायका आल्या, वस्तीतल्या सात जणी होत्या कारण आई स्वतः जाऊन बोलवून आली. असं ती आयुष्यात पहिल्यांदा गेली. सभेत आई उभी राहिली, तिला भाषण वगैरे येत नाही, ती एवढंच बोलली, "मन्हा हातमा लगीनपाइन तिन्याच बांगड्या सेतस, तवय कोनी आधार कार्ड मांगं नही." मग बाकीच्या बायका बोलायला लागल्या, एकीने सांगितलं की नवरा वारला तेव्हा बांगड्या काढायच्या वेळी चाचीने येऊन सगळ्यांना हाकललं होतं आणि एकटीच तिच्याजवळ बसली होती. हे मला माहीतच नव्हतं. गावात कोणालाच माहीत नव्हतं बहुतेक.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत मी बोललो. सरपंचाला मढीचं आधीच सांगून ठेवलं होतं त्यामुळे तो सावध होता. मी भावाकडे बघून बोललो, रथाचं सांगितलं, मास्तरांनी सांगितलं तसं चाचीला बिचारी नाही म्हटलं, कारागीर म्हटलं. आवाज कापत होता. आमच्या यात्रेतलं पण निघालं, पालखीच्या मशालीला तेल घालायचा मान एका मुस्लिम घराचा होता, ते घर पुण्याला गेल्यावर तो मोडला, एका म्हाताऱ्याने उठून सांगितलं. तिघं-चौघं ओरडले, एक जण म्हणाला याला तिकडंच पाठवा. भाऊ काहीच बोलला नाही. ठराव झाला नाही, पण फेटाळला पण नाही, पुढच्या ग्रामसभेवर ढकलला म्हणजे २ ऑक्टोबरला परत येणार.

माळकरी माउली आले होते, भावाशी तासभर ओट्यावर बसले. काय बोलले ते दोघंही सांगत नाहीत. भाऊ माझ्याशी अजून बोलत नाही.

आईला घेऊन काल तालुक्याला चाचीच्या घरी गेलो. खोली एवढीशी, भिंतीला बांगड्यांचे डबे रचलेले. तिने आईचा हात धरला, दाबला, हिरव्या डझनभर भरल्या आणि वरची एक भरली. आईने वाकून नमस्कार केला. यात्रेला येशील का विचारलं तर म्हणाली पोरगा नको म्हणतो, बघू. आईने जास्त आग्रह नाही केला. २ ऑक्टोबरच्या आधी परत महिला सभा आहे, आई आजपासूनच बायकांना सांगत फिरतेय, आणि वस्तीतल्या दोघी जणी काल आमच्या ओट्यावर येऊन बसल्या होत्या.